बादलीचा आवाज

मुरारच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये
माघातलं धुकं अजून आत आहे.
टाकीत हात घातला की
आधी बोटं माझी राहत नाहीत, मग मनगट.

रामदुलारे केवट जबडा धरतो.
सायकलच्या ट्यूबचे दोन वेढे,
डोळ्यांवर ओलं फडकं.
तो म्हणतो घडियाल, मी सुसर लिहिते,
ती दोन्ही ऐकत नाही.

मानेमागे दोन खवल्यांच्या फटीत
सुई सरळ उभी.
एवढंसं रक्त, आणि त्यात शोधायचं
तीन वर्षांत सिमेंटनं हिला काय काय दिलं.

वजन चार किलो शंभर. लांबी एकशे बावीस.
पोटाखाली बुरशी नाही, विष्ठेत जंत नाहीत.
दात मोजायला सांगितलेलं नाही,
तरी मोजते, साठाच्या पुढे चुकते.
शेपटीवरचा सातवा काटा छाटला,
उद्या कुठल्या जाळ्यात गुंतलीच
तर निदान आकडा कळावा.

एक्केचाळीस नंबर. सगळं पास.
ट्यूब सोडली, पाण्यात सोडलं.

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी
रिकामी बादली आपटली.

बाकीच्या बुडाल्या.
ही वर आली.
घाई नाही, तोंड उघडं नाही,
नुसतं पाण्याच्या रेषेवर नाकाचं टोक
आणि वाट बघणं.

"बिटिया पहचानती है," रामदुलारे हसला,
मग हसू आवरलं.
नाव ठेवलं होतं त्यानं, मला चोरून. गजक.
पहिल्या वर्षी त्याचं बोट
कुरकुरीत चावलं म्हणून.

चंबळेच्या काठी बादली घेऊन उतरणारा माणूस
मासे द्यायला येत नाही.
हे त्याला मी काय सांगणार,
त्याच्या सात पिढ्या त्याच पाण्यावर.

फॉर्मवर याला रकाना नाही.
तळाशी 'शेरा' म्हणून दीड ओळ आहे,
तिथे आजवर मी 'निरंक' लिहीत आले.
आज पेन गारठलं होतं, दोनदा झटकलं.
'माणूस ओळखते. या खेपेला पाठवू नये.'

शुक्रवारी ट्रक गेला,
गोणपाटात गुंडाळलेल्या सतरा जणी घेऊन.
रामदुलारे माझ्याशी बोलला नाही.

शनिवारी मासे त्यानं पोत्यातून आणले.
बादली भिंतीशी पालथी.
चपला दाराबाहेर काढून
त्या बर्फासारख्या फरशीवरून
तो अनवाणी गेला, टाचा उचलून,
कठड्याआड वाकून मासे सोडले

आणि पाणी हलायच्या आत
परत फिरला.