बॅलन्सचं बटण

भिशीचा नंबर लागला तेव्हा घेतलेला बत्तीस इंची टीव्ही
भिंतीला पाठ लावून बसलाय,
आणि त्याचं तोंड आहे पाठीत.
म्हणजे आवाज आधी भिंतीला ऐकू जातो,
उरला तर आम्हाला.

शिरोलीच्या फौंड्रीत एकवीस वर्षं ग्राइंडर धरलाय मी.
डाव्या कानात कुठल्यातरी कास्टिंगची कडा
अजून घासतीय.
मालिकेतली बाई कुजबुजते,
मी विचारतो, "काय म्हणाली?"
शकू सांगते.
तोवर दुसरी काहीतरी म्हणालेली असते.
आवाज वाढवावा, तर भिंतीपलीकडं
चौगुल्यांच्या पोरीची दहावी.

पगार झाल्यावरच्या रविवारी राजारामपुरीत गेलो.
दुकानातल्या पोरानं काळी लांबडी पट्टी दाखवली,
सोबत जमिनीवर ठेवायचा एक ठोकळा.
बटण दाबलं, पोटातलं पाणी हललं.
"नाद खुळा बेस हाय काका!"
म्हटलं, बाबा, मिरवणूक वर्षातनं एकदा येती तेवढी बास.
मला बाईचं बोलणं ऐकायचंय.
पोरगं शकूकडं बघून हसलं.
"मालिकेतल्या," मी म्हटलं.
नऊ हजार नऊशे नव्याण्णव.
खिशात सहा, त्यातले साडेसातशे गॅसचे.
"एक रुपया कशाला सोडलाय ह्यांनी?" शकू जिना उतरताना म्हणाली.

लक्ष्मीपुरीत एका जिन्याखाली दस्तगीर शिकलगार बसतो.
त्यानं काही दाखवायच्या आधी विचारलं.
खोली केवढी? दहा बाय अकरा.
कॉट कुठं? खिडकीला लागून.
कोण कुठल्या बाजूला झोपतं?
शकू दुकानाबाहेर जाऊन
समोरच्या बादल्यांचे भाव बघायला लागली.
"मी डावीकडं," मी म्हटलं,
आणि कानाचंही सांगून टाकलं.

मग त्यानं फळीवरनं दोन लाकडी खोके उतरवले,
दीड वीत उंच, कुणाच्यातरी हॉलमधनं आलेले,
एकाचा कोपरा मांजरानं ओरबाडलेला.
आणि कंडेन्सर बदललेला एक जुना अँप्लिफायर.
"पट्टीत सगळी माणसं लायनीत उभी राहतात," म्हणाला,
"दोन खोके लांब ठेवले की त्यांना बसायला जागा होते.
बेस कमी आहे. दहा बाय अकराला तेवढाच बरा."
पाच हजार दोनशे. वायर त्याच्याकडनं.
गॅसला पन्नास कमी पडले,
ते शकूच्या बटव्यातनं निघाले.

घरी तिच्या शिलाईच्या टेपनं मोजलं:
खोक्यापासून खोका साडेपाच फूट,
दोन्हीपासून उशी तेवढीच.
खाली बैठकीला फौंड्रीतनं दोन रिजेक्ट फ्लँज विचारून आणले,
सात-सात किलोचे.
त्यातला एक माझ्याच हातनं बिघडलेला,
साहेबासमोर तेव्हा मान खाली घातली होती.
आता त्याच्यावर खोका ठेवलाय, तसूभर हलत नाही.

अँप्लिफायरवर एक बटण आहे बॅलन्सचं,
मधोमध खाच असलेलं.
पहिल्या रात्री शकू उठली,
बटण बारावरनं दहावर आणलं, डावीकडं,
आणि येऊन आडवी झाली.
तिच्या बाजूचा आवाज तेवढा उतरला.

मालिकेतल्या बाईच्या बांगड्या ऐकल्या.
चहा ओतल्याचा आवाज असतो हे माहीतच नव्हतं.
तिसऱ्या रात्री तोंडातनं गेलंच,
"काय म्हणाली?"
"आता काय झालं? येत नाही होय ऐकू?"
येत होतं की. सगळं.
"तरी सांग."
तिनं सांगितलं. जरा चुकीचं सांगितलं.
तिच्याकडं आवाज कमी येतो ना.
मी काही बोललो नाही.

टीव्ही बंद केल्यावर
डावा खोका बारीक सूं करतो म्हणे.
माझ्या उशापासचा, पण मला नाही येत ऐकू.
ती कोपरानं ढोसते, "भिंतीवरचं बटण राहिलंय."
मी अंधारात उठतो.