तोल

बावीस वर्षं मी सांगलीच्या यार्डात हळद तोलतोय.
राजापुरी, गड्डा, कणी.
पोतं काट्यावर चढलं की आकडा ओरडायचा,
अडत्याकडं बघायचं नाही, शेतकऱ्याकडंही नाही.
एवढंच मला येतं.

गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही
असं मी सगळ्यांना सांगत आलोय.
कादंबरी गाते. आठवड्यातनं तीनदा मिरजेला,
शहापुरेबाईंकडं, साडेतीनच्या एसटीनं.
आणायला गेलो की मी बाहेर चपलांजवळ बसतो.
आतनं एकच सूर. तासभर तोच.
मला वाटायचं, फी एवढी आणि सूर एकच!

आज विश्रामबागेत तिचं गाणं झालं.
वय सोळा. आईची मोरपंखी साडी, चार ठिकाणी टाचलेली.
तंबोरा मेहबूबचाचांनी मिरजेहून स्वतः आणला,
स्कूटरवर, मागं पुतण्याच्या कुशीत,
बाळंतिणीला घरी आणावं तसा.
भाडं विचारलं तर म्हणाले, आधी वाजू तर दे.

शेवटच्या रांगेत माझे हमाल.
सातजण, न्हालेले, इस्त्रीचे,
तरी मानेच्या घडीत हळद तशीच,
सात नवरदेव एकदम मांडवात आल्यासारखे.
पहिल्या रांगेत आटपाडीची आत्या, मांडीवर भडंगाची पिशवी,
आणि ती पिशवी नेमकी विलंबितात कुरकुरली.

मुलतानी, असं निवेदकानं सांगितलं.
दुपार कलताना गायचा राग.
दुपार कलताना सौदे उरकून आमची तोलाई चालते,
म्हणजे वेळ तरी ओळखीची होती.
तिनं डोळे मिटले. षड्ज लावला.
आणि मला दिसला काटा,
हलत, हलत,
मग गप्प.

गंधार इथं खाली असतो, बाई सांगायच्या,
इतर रागांतल्यापेक्षा केसभर खाली.
कादंबरी विचारायची, बाई, केस किती जाड?
हे सगळं मी चपलांजवळ बसून ऐकलेलं.
आज एकदा, मधल्या एका आलापात,
तो गंधार चढला.
एवढासा. पोत्यावर माशी बसावी एवढा.
हमालांनी तर तिथंच टाळी दिली.
बायकोनं माझा हात धरला होता, तिलाही कळलं नाही.
मला कळलं.
मी इकडंतिकडं बघून घेतलं, चोरी केल्यासारखं.

रात्री यार्डात तुला.
ही टूम हमालांचीच. चार नंबरच्या गोदामात
जुना तराजू आहे, इलेक्ट्रिक काटा आल्यापासून
त्याच्या पारड्यात मांजर पिल्लं घालतं.
पिल्लं हलवली, साखळ्यांना तेल दिलं.
एका पारड्यात कादंबरी, साडी सावरत, हसून लाल,
दुसऱ्यात गूळ, वर्गणीचा:
तीसची ढेप, दहाची एक, मग फुटके खडे.
दत्तू म्हणाला, गात होती तवा जड होती पोरगी,
आता हलकी झालीया.
आत्या म्हणाली, भडंगानं तोला की, ट्रक लागंल!
धाकटा पारड्यातले खडे उचलून चोखत होता,
त्यामुळं वजन काही जुळेना.

मी काट्यापाशी उभा. माझी जागाच ती.
ती वाकून हळूच म्हणाली,
पप्पा, गंधार चुकला ना एकदा?
मी तिच्याकडं बघितलं नाही,
शेतकऱ्याकडं बघत नाही तसं.
म्हणालो, चढला होता. माशीएवढा.

तिचं हसू थांबलं. पारडं झुललं.
मग तिनं माझ्याकडं बघितलं,
बाईंकडं बघते तसं,
आणि विचारलं,
कितव्या आवर्तनात?

सगळे ओरडत होते, आकडा सांगा, आकडा!
मी बोटं मोजत होतो.