दुतोंड्याच्या छातीपर्यंत

पहिल्या दिवशी आत जायच्या आधी
त्र्यंबकनानांनी नळकांड्यावर बोटाचं पेर मारून पाहिलं.
डाव्या हाताचं. उजवा खांद्यापर्यंत पट्ट्यांत होता.
"जोड कुणी मारलाय? बरा मारलाय," म्हणाले,
मग मला नाव विचारलं.

मी यादी वाचते. पाठ आहे, तरी रोज वाचते:
केसांना तेल नाही, अंगाला पावडर नाही, नायलॉन नाही,
घड्याळ, मोबाईल, काडीपेटी, कवळी नाही.
जानवं सुती, ते चालतं.
दंडातला ताईत नाही चालत.
तांब्याचा, त्यांनीच ठोकलेला.
काकूंनी तो सोडवला आणि दोन तास
मुठीत धरून बाकावर बसल्या.
"एवढं काय घाबरता?" नानांनी विचारलं.
आत निव्वळ ऑक्सिजन असतो, मी म्हटलं,
एक ठिणगी जरी
आणि गप्प झाले.
ठिणगी त्यांना मी काय सांगणार?

तांबट आळीत, घागरीला कल्हई करताना
गॅसची नळी सुटली होती.
अंगात टेरिकॉटचा सदरा,
दुपारी लग्नाला जायचं म्हणून घातलेला.

दार लागतं. काटा हलतो.
कान दुखले तर आवंढा गिळा, मी माइकवर सांगते.
आतून आवाज येतो: "कुठवर आलं?"
काय कुठवर?
"पाणी गं. दुतोंड्याच्या कुठवर आलं?"

गंगेवर वाढलेला माणूस.
खोली मोजायची त्याची एकच पट्टी.
तेव्हापासून मी आकडे सांगत नाही.
गुडघ्याला आलं, नाना. कमरेला.
छातीला आलं, आता इथेच थांबू.
वहीत मात्र आकडाच लिहिते.

नव्वद मिनिटं. मधे मधे साधी हवा.
कधी झोपतात, कधी काचेतून माझ्याकडे बघत बोलतात.
"चाळीस वर्षं भाता ओढला.
विस्तवाला वारा घातला की तो कसा फुलतो.
आता तोच वारा तू मला घालतेस.
म्हणजे जाळ जे जेवतो तेच मी जेवतोय,
एका ताटात."
हसले. मग खोकले. मी काट्याकडे पाहिलं.

डॉक्टर स्पष्ट बोलतात:
हा मुख्य उपचार नव्हे, हातभार.
ड्रेसिंग चुकणार नाही,
मांडीची कातडी काढून लावावी लागेलच.
काकूंना हे कळतं. तरी निघताना विचारतात,
"फरक पडतो ना?"
काहींना पडतो, मी म्हणते.
त्या पावतीची चौघडी करतात.
दहाव्या पावतीला दुकानातले दोन हंडे गेले,
मोडीच्या भावात.

तेराव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा मनगटाची कड
तांबूस झाली होती.
"कल्हई उडाली की खालचं तांबं दिसतं,
तसं," नाना म्हणाले,
दुसऱ्या कुणाच्या भांड्याबद्दल बोलावं तसे.
करंगळी वाचली नाही.
ऑक्सिजनने किती केलं, औषधांनी किती,
काकूंनी रात्री दोन-दोनदा उठून पाजलेल्या पेजेने किती,
कोण सांगणार?
काशाचं भांडं समोर ठेवलं तर
तांबं किती, कथील किती,
नुसत्या डोळ्यांना तांबटालाही नाही सांगता येत.
हे त्यांचंच वाक्य. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय.

शेवटच्या दिवशी दाब उतरवताना म्हणाले,
"हळू सोड. पूर एकदम उतरला
की घाटावर गाळ फार राहतो."

दोन महिन्यांनी आले, बोलावलेलं नसताना.
आत कुणी दुसरं झोपलं होतं, सातपूरचा एक वेल्डर.
नानांनी नळकांड्याला हात लावला नाही,
नुसता बाजूचा पितळी व्हॉल्व्ह बराच वेळ न्याहाळला.
"हा ओतीव आहे," म्हणाले. "ठोकीव नाही."
हातोडी धरवते का, ते मी विचारलं नाही.
दंडात ताईत होता.
दार त्यांनी डाव्या हाताने उघडलं.

"कुठवर आलं?" जाता जाता विचारलं.
कमरेला, मी म्हटलं.