इतर

अकरा हजार चारशे सहा फोटो.
गाजुल शेठनी हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून आणली होती,
"चादरी हायत, टॉवेल हायत. लाव की नीट,
गिऱ्हाईकाला बोट फिरवलं की दिसलं पायजे."
आत नवीन फोल्डर, नवीन फोल्डर दोन,
आणि एकाचं नाव: शेवटचं फायनल खरंच.

अक्कलकोट रोडला डायहाउसच्या भिंतीला टेकलेली खोली.
पाठ टेकली की ऊब लागते, मे महिन्यातसुद्धा.
मागांचा आवाज इथे कुणी ऐकत नाही,
तो बंद पडला तरच माना वर होतात.

मी रकाने आखले.
रंग. नक्षी. काठ. साल.
शेवटी इतर, घरातल्या त्या डब्यासारखं
ज्यात सेफ्टीपिना, संपलेले सेल
आणि कुणाच्या तरी सायकलची किल्ली.

पहिला आठवडा मोरांत गेला.
चारशे मोर. समोरासमोर, पाठीला पाठ,
पिसारा मिटून काठाला चिकटलेले.
मग लक्षात आलं, यातली साठेक बदकं आहेत.
मान वळवायला धागे पुरले नाहीत
की जेकार्डवर कुणाचंही काहीही होतं.

म्हणून मल्लेशम काकांना बोलावलं.
चाळीस वर्षं आलेखाच्या कागदावर
एकेक चौकोन रंगवलेला माणूस.
पुठ्ठ्याला भोक पाडताना श्वास धरायचा,
असं ते न विचारता सांगतात.
छोट्या चौकटींत त्यांना काही दिसेना.
मी मोठं केलं, आणखी मोठं केलं,
तर हसले, "आता नुसते चौकोन दिसायलेत पोरी,
ते मला पाठ हायत. जरा लांब ने."

रंग मशिननेच ओळखून ठेवले होते.
निळा: एकोणीसशे बारा.
काकांनी चष्मा पुसला आणि निळा फोडायला बसले.
हा रामा. हा मोरपंखी. हा शाईचा, पहिल्या धुण्यात जातो.
हा पोलिसाच्या गाडीचा.
आणि हा,
इथे बोट काचेवर थांबलं,
हा लाइट गेलेला.

हौदात सूत होतं आणि लाइट गेली.
साडेतीन तास. पाणी गार झालं,
रंग अर्ध्या वाटेत बसून राहिला.
थोरले शेठ म्हणाले, फेकून द्या.
फेकायला कुणाचा हात उठेना,
मग तेच सूत आठ मागांवर वाटलं.
विकलं गेलं सगळ्यात आधी.
पुन्हा करून बघितलं, मुद्दाम हौद गार करून.
नाही आलं.

मी नवं लेबल टाइप केलं: लाइट गेलेला.
काका म्हणाले, "हे कोण शोधणाराय?"
मी म्हटलं, कुणी नाही.
"मग टाक."

संध्याकाळपर्यंत सापडले.
एक हत्तींत होता, एक वेलबुट्टीत,
तीन मोरांत (त्यातलं एक बदक),
दोन इतरमध्ये तोंड लपवून.
वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी, वेगवेगळ्या उजेडात काढलेले,
आणि लेबल दाबलं तसे पडद्यावर शेजारी शेजारी आले,
लग्नात भेटलेल्या चुलतभावंडांसारखे,
नाक सगळ्यांचं एक.

काकांनी मोजले. पुन्हा मोजले.
"आठवा?"
आठव्याचा फोटो कुणी काढलाच नव्हता.
त्याच्यावर काय होतं तेही त्यांना आठवेना,
कमळ, नाहीतर नुसत्या पट्ट्या.
पाळी सुटली, ते डबा घेऊन निघाले,
दारातून परत आले, पडद्याकडे बघितलं, गेले.

मी एक नोंद केली, चित्राशिवाय.
सातांच्या शेवटी एक करडी चौकट.

सकाळी शेठनी बोट फिरवता फिरवता विचारलं,
"हे रिकामं काय राहिलंय? काढून टाक."
हो म्हटलं,
आणि बदकं वेगळी करायला घेतली.