टंकदोष

मे महिना, फैजपूर, दुपारचे तीन.
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून
रेहाना तडवी मॅडमचे सहाशे चौदा संदर्भ
मी या प्रोग्राममधून त्या प्रोग्राममध्ये हलवतोय.
जुन्याची वर्गणी कॉलेजनं भरली नाही.
नवा फुकट आहे,
पण फुकटचा असून प्रश्न फार विचारतो.

पहिल्या खेपेला मराठी नावं
नुसती प्रश्नचिन्हं होऊन उतरली.
हजेरी घेतली आणि कुणी ओ दिली नाही, तसं.
फाइलचं एन्कोडिंग बदलून पुन्हा पाठवली
तेव्हा एकेक जण उठून बसला
काना-मात्रा झटकत.

मग विचारतो:
पाटील, डी. एस. आणि पाटील, डी. एस.,
हे एकच का? एकत्र करू?
बाबा रे, तू खानदेशात नवीन दिसतोस.
एक पारोळ्याचे, माती तपासायचे.
दुसऱ्या शिरपूरच्या, बाई आहेत,
केळीच्या चिकाचा डाग का जात नाही यावर बावीस पानं.
तिसरे नुसतेच डी. एस.,
ते कोण हे मॅडमलाही सांगता येईना.
चौधरींचं उलटं. माणूस एक, स्पेलिंगं चार,
यंत्रानं त्यांच्या चार चुली मांडल्या.
मी हो दाबतो, नाही दाबतो,
तलाठी वारस लावतो तसा.

पीडीएफचे पत्ते सगळे जुन्या लॅपटॉपचे.
तो लॅपटॉप भुसावळला, दुरुस्तीवाल्याच्या माळ्यावर,
डिस्क काढलेला.
नोंदी मात्र अजून तिकडेच बोट दाखवतात.
पेन ड्राइव्हवरून एकेक पुन्हा जोडत आलो
चारशे सातपर्यंत.

भंगाळे, इंदुमती.
केळीच्या खोडाचा धागा: पीळ, ताण आणि रंग.
अप्रकाशित प्रबंध. १९८९.

हा मी टाइप केलाय.
याच टेबलावर, तेव्हा इथे रेमिंग्टन होतं.
पाच प्रती, चार कार्बन,
पाचवी वाचायची तर दारात, उजेडाला धरायची.
इंदुताई स्टुलावर बसून
तुकड्या-तुकड्यानं खरा धागा चिकटवायच्या पानांवर
आणि डिंक वाळेपर्यंत फुंकर घालायच्या.
त्याच आठवड्यात माझी मुलगी झाली.
मुलगी अठ्ठ्याण्णवची आहे.

आठ आणि नऊ, शेजारशेजारच्या कळा.
मुखपृष्ठावर उलटे बसले,
गाइडनं पाहिलं नाही, परीक्षकांनी पाहिलं नाही,
इंदुताईंनी तर पेढे वाटले.

काम सोडून मी शोधत बसलो.
अकरा लेखांत सापडलं: भंगाळे, १९८९.
कोइमतूरचा एक, मनिलाचा एक.
एकानं लिहिलंय, भंगाळेंच्या पायाभूत कामानंतर
या विषयावर दशकभर शांतता होती,
आणि त्या शांततेची कारणं दिलीत,
तीन परिच्छेद, तळटिपांसकट.

ती शांतता माझ्या बोटाची होती.

मॅडमला फोन लावला. ऐकून घेतलं त्यांनी.
"नेहेते भो, वर्ष बदललं
तर बाकी अकरांशी जुळणार नाही."
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
"बदलून टाका."

रेमिंग्टनवर असतं तर पांढरी शाई लागली असती,
वाळायला थांबावं लागलं असतं.
इथे दोनदा बॅकस्पेस.
खाली टिपणाची चौकट असते, तिच्यात लिहिलं:
वर्षाची चूक लेखिकेची नाही, टंकलेखकाची.
सो. ग. नेहेते, फैजपूर.
कोइमतूरला हे कोण कळवणार, माहीत नाही.

सावद्याकडे केळीचा ट्रक गेला, काचा हलल्या.
लाइट गेली. यूपीएस ओरडायला लागलं.
आधी सेव्ह केलं.

उरले दोनशे सात.