गणसंख्या

सदाशिव पेठ, दुसरा मजला, साडेपाच.
हवेत पंधरा, आलोय नऊ.
बाकीचे चारशे सभासद यादीत,
कोथरूडात, न्यूजर्सीत,
काही तर भिंतीवरच्या फोटोत.

चिटणीस आगटेबाई घड्याळ बघतात:
"गणसंख्येअभावी सभा तहकूब.
सहाला याच जागी. मग अट नाही."

अर्धा तास आम्ही तिथेच.
चहा. कुणाचा तरी गुडघा.
सहा वाजता तेच नऊ जण
वैध होतो.

विषय चौथा: दप्तरांना कसर लागलीय.
धुरी, जपानी कागद, दोन कारागीर,
एक लाख ऐंशी हजार.
शिल्लक एकवीस हजार चारशे.

खळदकर, टेलिफोन खात्यातून निवृत्त,
आजीव सभासद क्रमांक तीनशे सात.
मोडीतलं अक्षर लागत नाही त्यांना,
पंचवीस वर्षांत पुस्तक नेलं एकच,
तेही मधुमेहावरचं.
विचारतात, "त्या दप्तरांत आहे तरी काय?"

ग्रंथपाल म्हणतो, "माहीत नाही.
अजून कुणी वाचलेलीच नाहीत."

सगळे गप्प. खाली कुणीतरी
स्कूटरला किका मारतंय, मारतंय.

खळदकर चेकबुक काढतात.
पेन चालत नाही. झटकतात.
"मग तर वाचवायलाच हवीत,"
असं ते म्हणाले, की मला वाटलं?
इतिवृत्तात एवढंच:
वर्गणी तीनशेची पाचशे,
उरलेल्यासाठी सभासदांना पत्रं.
ठराव एकमताने मंजूर.
सूचक खळदकर, अनुमोदक मी.

उतरताना त्यांचा हात
कठड्यावर नेऊन ठेवला.
जिन्यातला दिवा गेलाय.
तो विषय राहूनच गेला.