उकार

फुलेवाडी नाका, बालिंग्याचा पूल, मग डावीकडं गाव.
दूध संस्थेच्या खोलीत फॅटच्या मशीनशेजारी
टॉवेल पांघरलेला संगणक,
आणि पुढ्यात मालुताई ढेंगे, सचिव.

"एक नाव दुरुस्त करायचं तर आधी ते उघडायचं,
मग 'बदला' दाबायचं, खोडायचं, लिहायचं, 'जतन' करायचं.
'नक्की का?' म्हणून इचारतंय. व्हय म्हणायचं.
मी तीनशेव्या नावावर असतो
आणि हे मला पयल्यावर नेऊन सोडतंय,
दावं तुटलेल्या म्हशीवानी."

मी मोजलं.
एका वेलांटीला नऊ टिचक्या.
सभासद चारशे बारा.

राजारामपुरीतल्या खोलीत आठवडाभर
मी त्यांच्या खतावणीसारखाच पडदा केला.
सगळ्या ओळी एकदम उघड्या,
बोट ठेवाल तिथं लिहा,
खाली गेलात की खालचं नाव,
मध्ये कुणी काही विचारणार नाही.
आणि वरती, माझ्या हौसेची, एक चौकट:
हे शोधा, त्याजागी हे घाला.

दाखवायला 'चौगले' शोधलं. एकोणीस.
'चौगुले' घातलं, दाबलं,
एकोणीस ग-खाली एकदम शेपट्या फुटल्या.

मालुताईंनी चष्मा वर केला.
"चव्वेचाळीस नंबरचा काढा.
जोतीराम. थोरल्याशी बांधावरनं वाजलं,
विहीर तिकडं गेली,
तवापास्नं ह्यानं उकार टाकला.
रेशनकार्डावरचा काढला, पोराच्या पत्रिकेवरचा काढला.
उद्या बिलावर दिसला
तर दूध दुसऱ्या डेअरीला घालंल."

मला वाटलं होतं, ही चूक आहे.

मग त्यांनी कपाटातली जुनी वही काढली.
तांबड्या शाईची एकच रेघ,
खालचं नाव अजून वाचता येतं,
शेजारी नवं, आणि बारीक सही.
"खोडायचं, पण पुसायचं न्हाई,"
एवढंच म्हणाल्या, नि चहा सांगायला उठल्या.

परत आठवडा.
आता प्रत्येक ओळीआधी एक रिकामा चौकोन.
जुनं फिकट, नवं ठळक, दोन्ही शेजारी.
'मागे घ्या' कधीच न संपणारं.
चौकट तीच, पण ती आता
आधी सगळे दाखवते, मग थांबते.

मालुताईंनी अठरा खुणा केल्या,
चव्वेचाळीसवर बोट जरा थांबलं, पुढं गेलं.
दोन मिनिटं. मी घड्याळ बघत होतो,
त्या नव्हत्या.

सहा वाजता किटल्या वाजायला लागल्या.
रांगेतनं एक टोपी आत वाकली.
"काय ओ, माझं नाव बदलताय म्हणं?"
जोतीरामनं डोळे बारीक करून पडदा वाचला,
खात्री म्हणून ओलं बोट
'ग'च्या बुडाशी फिरवलं.
काही नव्हतं. हसला, माप घ्यायला गेला.

दुधाचा डाग मात्र तिथंच राहिला,
बारका, वळलेला,
बरोबर ग-खाली.

मालुताईंनी न बोलता टॉवेल उचलला.